बाटलीतली खाडी : प्रकल्प नोंदी

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचं पहिलं प्रॅक्टिकल. बारावीला ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून जांभळे आणि गुलाबी असे दोन गट पाडायचे. नमुने नेहमीचेच: दही आणि दातांवरचं कीट. दह्यात सगळं जांभळं. कीटात जांभळ्यात गुलाबी मिसळलेलं. दोन पोरांनी आयोडीन विसरून थेट अल्कोहोल ओतलं, त्यांचं सगळंच गुलाबी. हे दर वर्षी होतं.

तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गोल नाहीतर दांडी. याच्यापलीकडे काही नसतंच का जिवाणूंत?"

मी पाठ असलेलं उत्तर दिलं. मळसूत्री असतात, स्वल्पविरामासारखे असतात. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. लेव्हनहूकनं 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरचं कीट पाहून जी चित्रं काढून पाठवली, तीही गोल, दांड्या आणि मळसूत्रंच. तेव्हापासून आम्ही धडा तिथूनच सुरू करतो. जिवाणूंना आकारावरून ओळखणं म्हणजे एसटी स्टँडवरच्या माणसांना उंचीवरून ओळखण्यासारखं. कोण काय करून पोट भरतो, ते त्यातून कसं कळणार?

घरी येताना ठरवलं की यंदाचा प्रकल्प विनोग्राड्स्कीच्या बाटलीचा करायचा. पारदर्शक बाटलीत चिखल भरायचा आणि त्यातल्याच जिवाणूंचे रंगीत थर वाढताना बघायचे. पोरं सहा. खर्च जवळजवळ शून्य.

17 नोव्हेंबर, रविवार

रेवदंड्याच्या खाडीवर सकाळी सातला. परवाच त्रिपुरी पौर्णिमा झाली, त्यामुळे सुकती चांगली होती. तिवराच्या झाडांखाली चिखल उघडा पडलेला, निवट्या उड्या मारत होत्या.

मामांनी (आमचे लॅब अटेंडंट) खुरप्यानं चिखलाचा एक चौकोनी तुकडा वडीसारखा कापून वर काढला. पोरांना जे दाखवायचं होतं ते तिथंच दिसलं. वर दोन-तीन मिलिमीटर तपकिरी साय आणि तिच्याखाली एकदम काळं. मधली रेघ इतकी स्वच्छ की पेन्सिलीनं आखावी. तपकिरी भागापर्यंत हवा पोचते, काळ्या भागात नाही. म्हणजे आपण ज्याला "चिखलात पाय रुतला" म्हणतो, तो पाय घोट्यापर्यंत ऑक्सिजन नसलेल्या जगात गेलेला असतो.

कालवं काढणाऱ्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या. "चिखल नेऊन काय करायचा गो बाई?" मी म्हटलं, बाटलीत भरून खिडकीत ठेवायचा. त्या हसल्या नाहीत. "वास मारंल," एवढंच म्हणाल्या.

दोन डबे चिखल, एक कॅन खाडीचं पाणी. येताना गावातल्या तळ्याचा गाळही एक डबा घेतला, तुलनेसाठी.

18 नोव्हेंबर, सोमवार

बाटल्या लावल्या. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या, स्वच्छ, लेबल सोललेल्या.

अ : खाडीचा चिखल, फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, अंड्याच्या टरफलांचा चुरा. चिखलाची उंची 18 सेंटिमीटर, वर खाडीचं पाणी 5 सेंटिमीटर, वर थोडी हवा.

ब : तळ्याचा गाळ, कागद, टरफलं, शिवाय दोन चमचे प्लास्टर ऑफ पॅरिस. उंची तेवढीच.

क : अ सारखीच, पण काळ्या कागदात गुंडाळलेली.

कागद म्हणजे सेल्युलोज, म्हणजे या वस्तीचं धान्याचं कोठार. टरफलं कार्बन पुरवण्यासाठी आणि आम्ल मारण्यासाठी. खडू का नको, असं एकानं विचारलं. वर्गातला खडू बहुतेक वेळा खडू नसतोच, तो जिप्सम असतो, कॅल्शियम सल्फेट. ब ला आपल्याला तेच हवंय, पण प्लास्टर सोपं पडतं. आमच्यातला एक मुलगा पेणचा, त्याच्या शेजारीच गणपतीचा कारखाना. त्यानं पिशवीभर आणलं होतं.

अ ला सल्फेट वेगळं घालावं लागत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतंच, खाडीत त्याहून थोडं कमी. तळ्यात नाममात्र. हा फरक पुढे कामाला येईल.

बाहेरून एकही जिवाणू घातलेला नाही. जे लागतील ते सगळे चिखलात आधीपासून आहेत. आपण फक्त दाणापाणी आणि उजेड द्यायचा आणि गंमत बघायची.

19 नोव्हेंबर, मंगळवार

उद्या विधानसभेचं मतदान. लॅबच्या खोलीत मतदान केंद्र. सगळं सामान हलवा, असा निरोप. तिन्ही बाटल्या मागच्या स्टोअरमध्ये, फळीवर. तिथं खिडकी नाही, पण एलईडी ट्यूब आहे. मामांना ती दिवसभर चालू ठेवायला सांगितलं. मला स्वतःला ड्युटी, त्यामुळे दोन दिवस इकडे बघणं नाही.

26 नोव्हेंबर, मंगळवार

अ : तळापासून 11 सेंटिमीटरपर्यंत डांबरासारखा काळा. भरताना सगळा ढवळून करडा झाला होता. ब मध्ये काळे ठिपके, कागदाच्या तुकड्यांभोवतीच जास्त. क सुद्धा काळी, अ इतकीच. काळोखाचं तिला काही वाटलेलं दिसत नाही.

झाकण सैल करून वास घेतला. कुजलेलं अंडं. मावशी बरोबर होत्या.

फळ्यावर समजावलेलं इथं लिहून ठेवते. चिखलात होता-नव्हता तो ऑक्सिजन पहिल्या एक-दोन दिवसांत तिथल्याच जिवाणूंनी संपवला. मग क्लॉस्ट्रिडियमसारखे लोक कागद फोडून त्याची आम्लं आणि अल्कोहोलं करायला लागले. त्यांच्या उष्ट्यावर जगणारे पुढचे, डिसल्फोव्हिब्रिओ आणि त्याचे भाऊबंद. आपण ऑक्सिजनवर श्वास घेतो, ते सल्फेटवर घेतात. आपल्या श्वासातून शेवटी पाणी निघतं, त्यांच्या श्वासातून हायड्रोजन सल्फाइड. त्याचाच हा वास. आणि तो वायू चिखलातल्या लोहाला भेटला की लोहाचं सल्फाइड होतं, तो हा काळा रंग.

"म्हणजे मॅडम, खाडीचा काळा चिखल हा कुणाच्या तरी श्वासाचा रंग आहे?" असं एक मुलगा म्हणाला. मी त्याला ते जर्नलमध्ये लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं नाही, "मार्क जातील" म्हणाला. म्हणून मी इथं लिहिते.

3 डिसेंबर, मंगळवार

अपघात. शनिवारी कुणीतरी अ चं झाकण घट्ट लावलं. (कुणी ते मला माहीत आहे. मीच.) आज उघडायला गेले तर बाटली पोटुशी दिसत होती. अर्धा आटा फिरवला आणि सोड्यासारखी फसफसून वर आली. काळं पाणी थेट बारावी अ च्या जर्नलच्या गठ्ठ्यावर. सतरा जर्नलं. मामांनी फॅनखाली वाळत घातली, स्टाफरूमपर्यंत वास.

चूक दुहेरी. झाकण, आणि कागद. एका बाटलीत चार पानांचा चुरा म्हणजे फार झाला, दीड-दोन पानं पुरली असती. कोठार मोठं, म्हणून खाणारे जास्त, म्हणून वायू जास्त. यापुढे झाकण आटा सोडून ठेवायचं आणि वर नायलॉनची जाळी बांधायची.

अ ची पातळी खाडीच्या पाण्यानं पुन्हा भरली.

7 डिसेंबर, शनिवार

मधल्या वेळेत प्लेट लावून पाहिल्या. अ मधला चिमूटभर चिखल पातळ करत करत न्यूट्रियंट अगारवर. दोन दिवसांनी पांढऱ्या-पिवळ्या वसाहती, बऱ्यापैकी. मुलं खूश. पण त्याच चिखलाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर जेवढी गर्दी दिसते, तिच्या मानानं प्लेटवर काहीच नाही.

मातीतल्या आणि पाण्यातल्या जिवाणूंपैकी नेहमीच्या प्लेटवर 1 टक्काही उगवत नाहीत, हे सूक्ष्मजीवशास्त्रातलं जुनं दुखणं. कारण साधं आहे. न्यूट्रियंट अगार म्हणजे मांसाचा अर्क आणि पेप्टोन, वर हवा. ही आपली आवड. ज्याला हवेचं वावडं आहे, जो सल्फेटवर श्वास घेतो, ज्याला शेजाऱ्याच्या उष्ट्याशिवाय चालत नाही, तो या पंगतीला कशाला बसेल? आम्ही अनेक वर्षं फक्त पंगतीला आलेल्यांचीच शिरगणती करत होतो.

16 डिसेंबर, सोमवार

चार आठवडे झाले. अ काळी. ब काळी-करडी. वर पाण्यात हिरवी साय मात्र जोरदार. आतापर्यंत बाटलीच्या भिंतीलगत जांभळे डाग, म्हणजे उजेड आणि हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे गंधक-जिवाणू, दिसायला हवे होते. कोकणातल्या उबेत तर लवकरच. एक मुलगी तर म्हणाली, "चिखल खराब असेल." चिखल खराब असतो का कधी!

दुपारी फिजिक्सचे सर स्टोअरमध्ये व्होल्टमीटर शोधायला आले. बाटल्या बघून म्हणाले, "यांना उजेड कुठला देताय?" ट्यूबकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "ही तर डोळ्यांसाठी बनवलेली."

डोक्यात ट्यूब पेटली. पांढरा एलईडी आपल्याला दिसतो तेवढाच उजेड देतो. 700 नॅनोमीटरच्या पुढे त्याच्याकडे जवळपास काही नाही, वीज वाचते ती त्यामुळेच. हिरव्या झाडांना आणि शेवाळाला तेवढा पुरतो, म्हणून वरची साय मजेत. पण जांभळ्या गंधक-जिवाणूंचं हरितद्रव्य वेगळं. ते 800 ते 890 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याला न दिसणारा अवरक्त उजेड खातं. हिरव्या गंधक-जिवाणूंचं 720 ते 760 च्या दरम्यान. त्यांच्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं थोडाफार निळा-हिरवा उजेड पकडतात, पण तेवढ्यावर संसार रखडत चालतो. आणि वरची हिरवी साय दिसणारा उजेड आधीच गाळून घेत असताना खालच्यांनी तिला नको असलेलाच उरलेला खायचा, हेच तर त्यांचं धोरण. आम्ही त्यांच्यासमोर रिकामी ताटं मांडून महिनाभर वाट बघत बसलो होतो.

एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1880 च्या दशकातच हे दाखवलं होतं. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली उजेडाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि जांभळे जिवाणू त्या पट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे, डोळ्याला काळोख दिसतो तिथं, जाऊन जमले. मी हे शिकवते. तरी ट्यूबखाली ठेवल्या.

सर म्हणाले, टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पोरांना पडद्यावर रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसला, नुसत्या डोळ्याला नाही. अवरक्त उजेड म्हणजे काय, ते अर्ध्या मिनिटात झालं.

तिन्ही बाटल्या लॅबच्या पूर्वेकडच्या खिडकीत. सकाळी दहापर्यंत ऊन, नंतर नुसता उजेड. हलवण्याआधी त्याच मागच्या बाकावरच्या मुलीनं काळ्या चिकटपट्टीतून "अ" कापलं आणि बाटलीवर चिकटवलं. नाव म्हणून. मी म्हटलं, राहू दे तिथंच.

22 डिसेंबर, रविवार

रंगाची वाट बघताना दुसरं काम. चुंबकी जिवाणू.

1975 मध्ये रिचर्ड ब्लेकमोर या अमेरिकन विद्यार्थ्यानं जाहीर केलं की गाळातले काही जिवाणू चुंबकाच्या दिशेनं पोहतात. (इटलीत साल्वातोरे बेल्लिनीनं हे 1963 मध्येच लिहून ठेवलं होतं, पण ते कपाटात पडून राहिलं.) त्यांच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे कण एका ओळीत असतात, एकेक कण साधारण 35 ते 120 नॅनोमीटरचा. होकायंत्राची सुईच गिळल्यासारखी. उत्तर गोलार्धात पृथ्वीची चुंबकीय रेषा उत्तरेकडे जाताना जमिनीत खाली उतरते. ती धरून पोहलं की आपोआप खाली, कमी ऑक्सिजनच्या पट्ट्यात, त्यांच्या आवडीच्या जागी. जिवाणूला वर-खाली कळत नाही, गुरुत्वाकर्षण त्याच्या आकाराला जाणवतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यानं चुंबकाचा आधार घेतला.

आणि हे अलिबागमध्ये करतोय याची मला वेगळी गंमत. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून इथं आणली, 1904 पासून इथं नोंदी चालू आहेत. आजूबाजूला लोखंड नको म्हणून इमारतीसुद्धा लोखंड टाळून बांधलेल्या. पोरं रोज तिच्यावरून जातात. आत काय चालतं, हे सहापैकी एकालाच माहीत होतं.

पद्धत : बरणीत अर्धा चिखल, अर्धं खाडीचं पाणी, दोन आठवडे न हलवता अंधारात ठेवलेली. चिखलाच्या वर एक सेंटिमीटरवर बाहेरून पट्टीचुंबकाचं दक्षिण टोक टेकवायचं. उत्तरेकडे जाणारे जिवाणू चुंबकाच्या दक्षिण टोकाशी जमतात. तासाभरानं तिथून ड्रॉपरनं थेंब. तो थेंब कव्हरस्लिपवर उलटा टांगायचा, खाचेच्या स्लाइडवर.

400 पटीत पाहिलं. काही नाही. नुसती वळवळ, कुणी कुणीकडे. तीन थेंब, तीनदा तेच.

24 डिसेंबर, मंगळवार

आजही काही नाही. नाताळासाठी आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, दोन पोरं दीड तास उशिरा. वैतागून उठणार होते. तेवढ्यात पेणच्या मुलानं सहज होकायंत्र चुंबकाजवळ नेलं आणि म्हणाला, "मॅडम, याचं लाल टोक दक्षिण दाखवतंय."

चुंबकाचा रंग खोटा. म्हणजे रंग बरोबरच असेल कधीतरी, पण आमचे चुंबक वर्षानुवर्षं एका डब्यात कसेही कोंबलेले. जोरदार चुंबकाशेजारी राहून या बिचाऱ्याचे ध्रुव उलटले. आम्ही दोन दिवस बरणीला उत्तर टोक लावून बसलो होतो आणि ज्यांना पकडायचं त्यांनाच हाकलत होतो. होकायंत्रानं खरं टोक ठरवलं, त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. तासभर थांबलो.

पहिलाच थेंब. कड शोधली, फोकस केला. चुंबक स्लाइडशेजारी ठेवला आणि मी गप्प झाले. गर्दी नव्हती, चाळीस-पन्नास असतील. पण सगळे एकाच बाजूला निघालेले, सरळ रेषेत, बाण सुटावा तसे. थेंबाच्या कडेला जाऊन थटले आणि तिथंच थरथरत राहिले. एकीनं चुंबक उचलून उलटा धरला. सगळे जागच्या जागी वळले आणि मागे फिरले. वळतानाचा तो अर्धवर्तुळाचा झोका दिसला, मोरपिसाच्या डोळ्यासारखा.

सहाही जणांनी पाहिलं. मामांनीही पाहिलं, दोनदा. एक जिवाणू पोहत नव्हता, पण चुंबक फिरवला की फिरत होता. मेलेला. मेल्यावरही दिशा सुटत नाही, होकायंत्राच्या सुईला कुठे जीव असतो?

आकार? गोल. अगदी साधे गोल. दह्यातल्यांशेजारी ठेवले असते तर मागच्या बाकानं म्हटलंच असतं, "गोल नाहीतर दांडी."

2 जानेवारी 2025, गुरुवार

अ : खिडकीकडच्या बाजूला, पाण्याच्या खाली 4 ते 7 सेंटिमीटरच्या पट्ट्यात जांभळट ठिपके. मुलींनी अकरा मोजले. सर्वात मोठा मसुराएवढा. खिडकीकडे आणल्यापासून सतरा दिवस.

ब : रंग नाही. वरच्या भागात गंजासारखा तांबूसपणा.

क : कागद उलगडून पाहिला, काळी. परत गुंडाळली.

9 जानेवारी, गुरुवार

अ मधले ठिपके जुळून पट्टा झालाय. रंग कसा सांगावा? कोकमाचं आगळ दुधात टाकल्यावर होतो तो. ब मध्ये तांबूस-नारिंगी ढग, हे बहुधा गंधक न लागणारे जांभळे, कागदापासून निघालेल्या आम्लांवर जगणारे.

आजची खरी बातमी वेगळी. अ मध्ये चिखल आणि पाणी भेटतात तिथं पांढरी जाळी. कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ, बाटली हलली की हलते. ड्रॉपरनं ओढली, स्लाइडवर टाकली. लांब धागे, कुठं शेपटी नाही, पाय नाहीत, तरी सावकाश सरकतायत. आणि प्रत्येक धाग्यात चमकणारे मणी. गंधकाचे कण. हा बेगियाटोआ.

ज्याच्या नावाची ही बाटली, तो सर्गेई विनोग्राड्स्की या धाग्यांपासूनच सुरू झाला. कीव्हचा माणूस, जन्म 1856. स्ट्रासबुर्गमध्ये असताना त्यानं बेगियाटोआ स्लाइडवर जिवंत ठेवून तासन्‌तास पाहिला. गंधकाचं पाणी दिलं की मणी भरतात, बंद केलं की रिकामे होतात आणि मग धागा उपाशी मरतो. त्यावरून 1887 मध्ये त्यानं मांडलं की हा जीव हायड्रोजन सल्फाइड जाळून ऊर्जा मिळवतो. अन्न खाऊन नाही, उजेड पिऊन नाही, वायू जाळून. तोपर्यंत जगण्याच्या दोनच रीती माहीत होत्या, वनस्पतीची आणि प्राण्याची. पुढे झुरिकमध्ये त्यानं अमोनियावर जगणारेही सापडवून दिले.

मला त्यात आवडतं ते हे, की त्यानं जिवाणूला घरातून बाहेर काढून प्लेटवर नेलं नाही. तो त्याच्या घरी जाऊन बसला.

बेगियाटोआला ऑक्सिजनही हवा आणि हायड्रोजन सल्फाइडही. एक वरून येतो, दुसरा खालून. दोघं जिथं भेटतात ती जागा केसाएवढी. म्हणून जाळी बरोबर त्या सीमेवर. दुपारी हिरव्या सायीनं ऑक्सिजन सोडला की जाळी चिखलाजवळ दबते, सकाळी लवकर आलं तर किंचित वर दिसते. मामांनी ही गोष्ट आमच्याआधी टिपली होती, ते सातला कुलूप उघडतात.

पोरांना याच्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. 2022 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर, खारफुटीच्या बुडालेल्या पानांवर एक गंधक-जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं. थिओमार्गारिटा मॅग्निफिका. एक पेशी, लांबी साधारण एक सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, पापणीच्या केसासारखा. संध्याकाळी तिघं तिवराची कुजकी पानं पिशवीभर घेऊन हजर. भिंग घेऊन बसलो. बुरशी सापडली, एक छोटी खेकडी सापडली.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ. पट्ट्याच्या खाली, काळ्याच्या वर, गवती हिरव्याची पातळ रेघ उमटली आहे, अर्ध्या सेंटिमीटरची. हिरवे गंधक-जिवाणू. जांभळ्यांपेक्षा त्यांना जास्त हायड्रोजन सल्फाइड सोसतो, म्हणून ते एक मजला खाली. आणखी एक फरक: जांभळे गंधकाचे कण पेशीच्या आत साठवतात, हिरवे बाहेर टाकतात.

एकानं विचारलं, 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते हेच का? नाही. ते खारट पाण्यातले आर्किया होते, पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून तसा निष्कर्ष दिला होता. आर्किया दिसायला जिवाणूच, गोल नाहीतर दांडी. पण 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातल्या) आरएनएची तुलना करून दाखवलं की ते घराणंच वेगळं. सूक्ष्मदर्शकानं तीनशे वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते.

20 जानेवारी, सोमवार

चिकटपट्टी काढायचा दिवस. पाच आठवडे झाले. सगळ्यांना जमवलं, मुलीनं नखानं एक कोपरा उचलला आणि सावकाश सोलली.

जांभळ्या पट्ट्यात काळं "अ". काना, वरची रेघ, मधला आडवा दांडा, सगळं. कडा इतक्या ठळक की छापल्यासारख्या. मी असं काहीतरी होईल म्हणून राहू दे म्हटलं होतं, पण इतकं स्पष्ट येईल असं वाटलं नव्हतं. प्लास्टिकला चिकटून जे जिवाणू वाढतात, त्यांच्यापर्यंत उजेड पोचला तिथं जांभळं, नाही पोचला तिथं नाही. फोटोच, फक्त पाच आठवड्यांचा.

त्यावरून प्रकाशसंश्लेषणाची उजळणी फुकटात झाली. झाडं पाणी फोडतात आणि ऑक्सिजन टाकतात. हे जांभळे हायड्रोजन सल्फाइड फोडतात आणि गंधक टाकतात. कॉर्नेलिस व्हान नील यानं 1930 च्या दशकात ही दोन समीकरणं शेजारी मांडली आणि म्हटलं की झाडाचा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, पाण्यातून येत असणार. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात हे तीन-चार ओळींत आहे. पोरांनी ते नीटसाठी पाठ केलेलं, पण "जांभळे जिवाणू" म्हणजे काय चीज आहे ते आज पहिल्यांदा बाटलीत पाहिलं.

वरच्या हिरव्या सायीकडे बोट दाखवून म्हटलं, पाणी फोडायची युक्ती काढली ती यांच्या पूर्वजांनी, नील-हरित जिवाणूंनी. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो त्यामुळे. तेव्हा बाकीच्यांना तो विषारी होता. ज्यांना झेपला नाही ते खाली गेले. अजून तिथंच आहेत.

24 जानेवारी, शुक्रवार

आजपासून बोर्डाची प्रॅक्टिकल. बाहेरचे परीक्षक येणार, "खिडकीतली घाण" काढा असं सांगण्यात आलं. अ आणि ब माझ्या घरी, गाडीच्या पायाशी टॉवेलात गुंडाळून. क पेणच्या मुलाकडे.

सासूबाईंनी विचारलं, "हे लोणचं आहे का?" मी म्हटलं, नाही, खाडी आहे. त्यांनी ती देवघराच्या खिडकीतून काढून मागच्या पडवीत ठेवली. तिथला उजेड उलट चांगला.

9 फेब्रुवारी, रविवार

पडवीत ठेवताना अ ची बाजू बदलली होती. जी बाजू भिंतीकडे असायची तिला आता उजेड. तिथं सोळा दिवसांत जांभळा पट्टा आला, त्याच उंचीवर, 4 ते 7 सेंटिमीटर. मजला ठरलेला आहे, दिशा नाही.

ब : तांबूस ढगाखाली अखेर जांभळे ठिपके, पाच. तळ्याचा गाळ, पण पेणच्या प्लास्टरनं त्याला सल्फेट दिलं आणि उशिरा का होईना खाडीचा धंदा सुरू झाला. प्लास्टर न घातलेली चौथी बाटली लावायला हवी होती. पुढच्या वर्षी.

परवापासून बारावीचे पेपर. पोरांना निरोप दिला की आता बाटल्यांचं माझ्याकडे सोपवा.

2 मार्च, रविवार

क वाल्याचा मेसेज. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री त्यानं काळा कागद काढला आणि बाटली गच्चीच्या दारात ठेवली. आज फोटो आला, तीन जांभळे ठिपके. तीन महिने अंधारात थांबले होते म्हणायचे. सोबत लिहिलंय, "मॅडम केमिस्ट्री बरा गेला."

अ मधलं पाणी दोन सेंटिमीटर आटलं होतं, भरलं. अक्षराची जागा आता पाठीमागे, भिंतीकडे. तिथं वळवून पाहिलं. आडवा दांडा पुसलाय, कान्याची वरची बाजूही. उजेड कमी असूनही दोन्हीकडून जांभळं आत सरकतंय. गोलाईचा थोडा भाग तेवढा वाचता येतो. मुलीला फोटो पाठवला, पेपर संपले की बघ म्हटलं.

बाटली तशीच, भिंतीकडे तोंड करून ठेवली.